परमुलखातील एकेरी रस्ते

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळींची व्याख्याने आपण ऐकत आलो आहोत. मी खेड्यातील प्राथमिक शाळेत हयात घालविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा मास्तर. तेव्हा तत्त्वज्ञान किंवा इतिहास यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चिटणीसांनी आग्रहाने सांगितले की, आपण परदेश पाहून आलात, त्यातील चार गोष्टी सर्वांस उपयोगी पडतील अशा सांगा. म्हणून प्रवासवर्णन न करता एकाच व्यावहारिक विषयावर बोलावयाचे मी ठरविले आहे. तो विषय म्हणजे परदेशात भाड्याची मोटार घेऊन अनोळखी ग्रामीण रस्त्यांवरून करावयाचा प्रवास.

हा विषय या सभेत कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या वाडवडिलांच्या काळी प्रवास म्हणजे पंढरपूर, फार तर काशी-रामेश्वर. आज स्मरणिकेचे अभिनंदनाचे पान उघडावे तो दर दोन घरांआड एखादा मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे नोकरीस वा शिक्षणास असल्याचे दिसते. मग आईवडील तिकडे जातात. पहिल्या खेपेस मोठी शहरे पाहून होतात, आणि दुसऱ्या खेपेस मुले म्हणतात, “बाबा, आता खरा देश पाहू. मोटार भाड्याने घेऊ आणि खेड्यापाड्यांतून हिंडू.” आगगाडीत किंवा सहलीच्या बसमध्ये बसलो म्हणजे आपला भार त्या धंद्यात मुरलेल्या माणसावर असतो. भाड्याच्या मोटारीत मात्र आजोबा-आजी, लेक-जावई आणि नातवंडे अशा तीन पिढ्या एकाच तरुणाच्या दोन हातांवर विसंबून बसतात. तो तरुण त्या रस्त्यावर पहिल्यानेच आलेला असतो. म्हणून ही गोष्ट केवळ चालकाने जाणावयाची नसून मागे बसणाऱ्या सर्वांनी जाणावयाची आहे, असे मला वाटते.

२०२३ च्या मे महिन्यात मी व आमची मंडळी, कन्या, जावई आणि सहा वर्षांचा नातू असे पाच जण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात आठ दिवस होतो. या प्रदेशास हायलंड्स म्हणतात. जावई लीड्स शहरी नोकरीस आहेत व तेथील परवान्यावर मोटार चालवितात. पण शहरातील चालविणे वेगळे आणि डोंगरातील वेगळे. मी स्वतः मोटार चालवीत नाही. मांडीवर कागदी नकाशा घेऊन बसणे एवढेच माझे काम होते, आणि त्यामुळे पाहावयास सवड भरपूर मिळाली.

प्रथम मोटार ताब्यात घेण्याविषयी. बाहेरून पाहुणा म्हणून गेलेल्या माणसास आपल्या वैध भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत लहान मोटार चालविता येते. जे तेथे राहावयासच गेले त्यांना त्या मुदतीत तेथील परीक्षा देऊन नवा परवाना काढावा लागतो. भारतीय परवाना देऊन त्याच्या बदली तेथील परवाना मिळत नाही. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची वयाची अट कायद्याहून निराळी असते. बहुतेक कंपन्या फार कोवळ्या चालकाकडून जादा आकार घेतात, आणि काही कंपन्या फार वृद्धांस मोटार देतच नाहीत. पैसे भरणारे क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे असावे लागते. मुलाची मोटार आणि सासऱ्याचे कार्ड असा मेळ तेथे चालत नाही.

विम्याविषयी एक शब्द समजून घ्यावा. त्यास ते ‘एक्सेस’ म्हणतात. मोटारीस इजा झाली तर नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपण भरावयाचा व त्यावरचा विमा कंपनीने, असा त्याचा अर्थ. ही रक्कम बरीच मोठी असते आणि मोटार परत देईपर्यंत कार्डावर अडवून ठेविली जाते. शिवाय चाके, काचा व मोटारीचा तळ ही पुष्कळदा विम्यातून वगळलेली असतात. आणि खेड्यातील रस्त्यावर इजा होते ती नेमकी याच तीन ठिकाणी. म्हणून करारपत्र सही करण्यापूर्वी वाचावे. आपण लग्नाची यादी करताना चार वेळा वाचतो. येथेही तेवढेच डोळे उघडे ठेवावे. आमच्या कन्येने मोटार हाती येताच चारही चाकांचे, काचांचे व चारही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढून ठेविले. परत देतेवेळी तेथील माणसाने एका चाकाच्या कडेवरील ओरखड्याबद्दल पैसे मागितले. कन्येने पहिल्या दिवशीचा फोटो दाखविला, त्यात तो ओरखडा स्पष्ट होता. विषय तेथेच मिटला.

मोटार शक्य तितकी लहान व आपोआप गिअर बदलणारी घ्यावी. जागा आहे म्हणून मोठी घेण्याचा मोह होतो, परंतु एकेरी रस्त्यावर वीतभर रुंदीचीही किंमत कळते. लहान मुलासाठी बैठक आधीच सांगून ठेवावी. १२ वर्षांच्या आतील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलास योग्य बैठकीवाचून नेणे तेथे कायद्याविरुद्ध आहे. इंधन स्वतःच भरावयाचे असते. तेथे पेट्रोलची नळी हिरव्या मुठीची व डिझेलची काळ्या मुठीची असते. चुकीचे इंधन भरले तर ते नुकसान विमा सहसा सोसत नाही. डोंगरात पंप दूरदूर आहेत, म्हणून टाकी निम्मी झाली की भरावी.

आता रस्त्याकडे वळू. आपल्याप्रमाणेच तेथेही डावीकडून चालण्याची रीत आहे. ही सोय खरी, पण तीच फसवी आहे. युरोपातून आलेला माणूस बाजू बदलली म्हणून पहिल्या दिवसापासून जपून असतो. आपला मनुष्य म्हणतो, हे तर आपल्यासारखेच आहे, आणि निर्धास्त होतो. वस्तुतः धोका डाव्या-उजव्याचा नसून रुंदीचा आहे. हायलंड्समधील अनेक रस्ते एका मोटारीपुरतेच रुंद आहेत. समोरून येणारासाठी ठिकठिकाणी रस्त्याला एक फुगवटा दिलेला असतो, तेथे पांढरी पाटी असते, आणि त्यास ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. आपण त्यास बगलथांबा म्हणू.

या बगलथांब्यांचा नियम ब्रिटनच्या वाहतूकसंहितेत स्वच्छ लिहिलेला आहे. समोरून गाडी आली आणि थांबा आपल्या डाव्या हातास असला तर आपण त्यात शिरावे. थांबा उजव्या हातास असला तर रस्ता ओलांडून तिकडे जाऊ नये. आपल्या डाव्या कडेसच, थांब्यासमोर उभे राहावे, म्हणजे समोरचा मनुष्य त्या फुगवट्यातून वळसा घेऊन जातो. चढ चढून येणाऱ्यास शक्य तितकी वाट द्यावी. आपल्याकडील वाहननियमांतही घाटात चढणाऱ्या वाहनासच अग्रक्रम आहे, ही गोष्ट आपण बहुधा विसरलेलो असतो. जरूर पडल्यास थांब्यापर्यंत मागे जावे. मागून येणाऱ्यास पुढे जावयाचे असेल तर त्यालाही थांब्यात शिरून वाट द्यावी. आणि या थांब्यात मोटार उभी करून फोटो काढीत बसू नये किंवा डबा सोडू नये. तो थांबा म्हणजे रस्त्याचाच भाग आहे, विसाव्याची जागा नव्हे.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मागे जाण्याची वेळ आली की हात कापतात. आम्ही नातवास एक काम नेमून दिले होते. प्रत्येक बगलथांबा मागे पडला की त्याने मोठ्याने सांगावे, आणि मग पुढचा दिसेपर्यंत हळूहळू आकडे मोजीत राहावे. त्यामुळे मागचा थांबा किती लांब राहिला हे जावयांना मान न वळविता कळत असे. मुलाचा वेळ गेला, मोजणीचा सराव झाला, आणि सर्वांची सोयही झाली. शिक्षणशास्त्रात ज्यास कृतीतून शिक्षण म्हणतात ते हेच.

आता मास्तराच्या हातचे थोडे गणित ऐका. तेथे अंतर मैलात मोजतात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. गावाबाहेर पांढऱ्या वर्तुळावर एक तिरपी काळी पट्टी असलेली पाटी दिसते. नवख्यास वाटते की येथून वेगाचे बंधन उठले. तसे नाही, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीस तिचा अर्थ ताशी ६० मैल असा आहे. गंमत अशी की, हीच पाटी मोटारभर रुंदीच्या रस्त्यावरही लागू असते. कायद्याने मुभा दिली म्हणून शहाणपणाने ती घेतलीच पाहिजे असे नाही. संहितेतील कोष्टकाप्रमाणे ताशी ३० मैल वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर थांबावयास २३ मीटर घेते, ४० मैलांस ३६ मीटर, आणि ६० मैलांस ७३ मीटर. परंतु एकेरी रस्त्यावर समोरचाही आपल्याच वाटेवर येत असतो. दोघेही ४० च्या वेगात असले तर दोघांची अंतरे मिळून ७२ मीटर झाली. वळणापलीकडचे ६० मीटरच दिसत असतील तर दोघांनी कितीही जोराने ब्रेक दाबला तरी १२ मीटर कमीच पडतात. म्हणून नियम असा बांधावा की, जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे. २० मैलांस एका मोटारीचे अंतर १२ मीटर, दोघींचे २४. वळणाशी २० मैल हा वेग का बरा, याचे उत्तर या बेरजेत आहे. ओल्या रस्त्यावर ही अंतरे दुपटीच्या घरात जातात, आणि त्या मुलुखात पाऊस पाहुण्यास विचारून येत नाही.

रस्त्याची कड हा दुसरा विषय. डांबराला लागून हिरवे गवत दिसते ते भक्कम जमिनीवर असेलच असे नाही. खाली पुष्कळदा चिखलट, स्पंजासारखी भूमी असते आणि चाक उतरले की रुतते. म्हणून वाट द्यावयाची तर बगलथांब्यात, गवतात नव्हे. मेंढ्या तर रस्त्यावरच बसलेल्या आढळतात. वसंतात मेंढी एका बाजूस आणि कोकरू दुसऱ्या बाजूस दिसले तर मोटार थांबविण्याइतकी हळू करावी, कारण भय वाटताच कोकरू आईकडे धाव घेते आणि ती धाव आपल्या चाकापुढून असते. सकाळ-संध्याकाळ हरणे आडवी येतात. तेथील १९८८ च्या कायद्याने घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी व कुत्रा यांपैकी कोणत्याही जनावरास इजा झाली तर चालकाने थांबलेच पाहिजे, आणि मालकाची गाठ न पडल्यास २४ तासांच्या आत पोलिसांस कळविले पाहिजे. त्या यादीत गाढवाचेही नाव आहे, हे पाहून मला समाधान वाटले. गरिबाच्या जनावरालाही कायद्याने मोजले आहे.

उजेडाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मे महिन्यात त्या मुलुखात रात्री नऊनंतरही लख्ख उजेड असतो. उलट डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यातील अंधार माणसास सावध करतो. उन्हाळ्यातील उजेड मात्र फसवितो, कारण आभाळ उजळ असले तरी शरीर थकलेले असते. विमानातून किंवा दिवसभराच्या आगगाडीतून उतरून त्याच दिवशी मोटार हाती घेऊ नये. आम्ही इन्व्हर्नेस गावी एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार घेतली. त्या एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाया गेले असे मला वाटत नाही. आणि मद्याविषयी बोलणे या सभेत गैर वाटू नये: स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०१४ पासून रक्तातील मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी केलेली आहे. एका प्यालाच्या हिशेबात पडण्यापेक्षा चालकाने स्पर्शच करू नये, हा सर्वांत सोपा हिशेब.

बंधुभगिनींनो, आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. आपल्या घरांत जावई हा मानाचा पाहुणा. सासूसासऱ्यांनी त्याच्या कारभारात बोलावयाचे नाही, अशी आपली रीत. ती रीत पंगतीत शोभते. परंतु मोटारीत पुढे जावई चालवीत आहेत, मागे सासूच्या छातीत धडधडत आहे, आणि संकोचाने ती पदर आवळून गप्प बसली आहे, असे दृश्य मी एकाहून अधिक घरांतून ऐकले आहे. मुलाच्या बाबतीतही तेच. तो रागावेल म्हणून आई बोलत नाही. हा संकोच एखादे दिवशी महाग पडेल. म्हणून इन्व्हर्नेसला मोटार सुरू करण्यापूर्वी आम्ही सर्वांनी मिळून एक ठराव केला: मोटारीतील कोणाही माणसाने, मग तो नातू का असेना, ‘थांबा’ म्हटले की पहिल्या सुरक्षित जागी मोटार थांबवावयाची, आणि का म्हणून वाद घालावयाचा तो थांबल्यावर. सूचना माझी होती, पण ती मान्य करण्याचा मोठेपणा जावयांचा.

त्या ठरावाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. आम्हांस ॲपलक्रॉस नावाच्या समुद्रकाठच्या गावी मुक्कामास जावयाचे होते. तेथे जाण्यास एक घाट आहे, त्याचे नाव ब्यालख ना बा. गेलिक भाषेत त्याचा अर्थ ‘गुरांची खिंड’. पूर्वी त्या वाटेने गुरांचे कळप बाजारास नेत. त्या भाषेतील गायीचा ‘बो’ हा शब्द आणि आपला संस्कृत ‘गौ’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, असे भाषापंडितांनी दाखविले आहे. इतक्या दूर जाऊनही गाईने आपली ओळख ठेविली. हा घाट समुद्रसपाटीजवळून थेट ६२६ मीटर चढतो, पाचास एक असा चढ लागतो आणि माथ्यापाशी केसाच्या आकड्यासारखी वळणे आहेत. पायथ्याशीच मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि मागे घर ओढणाऱ्या मोटारी यांनी पहिल्या मैलापुढे न जाणे बरे.

आम्ही पाटीपाशी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. उजेड होता, पण माथा ढगात बुडाला होता. घाटाने गेलो तर मुक्काम जवळ. समुद्राच्या कडेने दुसरा रस्ता आहे, तो पुष्कळ लांबचा. जावई म्हणाले, “आई, तासाभरात पोहोचू. मोबाईलवरच्या नकाशात हाच रस्ता दाखवीत आहे.” त्यावर आमची मंडळी, ज्या सहसा जावयांपुढे शब्द काढीत नाहीत, त्या म्हणाल्या, “थांबा.” मोटार थांबली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “तो नकाशा ढग पाहत नाही हो. आणि तास-दीड तास उशीर झाला म्हणून काय, आपला मुहूर्त का टळणार आहे?” जावई क्षणभर गप्प राहिले. त्यांच्या कपाळावर आठी आली ती मी पाहिली. पण शब्द दिला होता. ते हसले आणि म्हणाले, “ठरले ते ठरले.” आम्ही दूरच्या रस्त्याने गेलो, तोही एकेरीच, आणि रात्री उजेड असतानाच पोहोचलो. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या की, माथा ढगात असला तर गावचे लोकही काम नसेल तर तो घाट टाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झाले, आणि जावयांनी त्याच घाटावरून आम्हांस नेऊन आणले. माथ्यावरून समुद्र आणि बेटे दिसत होती. आमची मंडळी त्या वेळी मनमोकळेपणाने म्हणाल्या, “काल आलो असतो तर यातले काहीच दिसले नसते.”

त्याच घाटात उतरताना मागून एक लहान पांढरी मोटार आली. जावयांनी बगलथांब्यात शिरून तिला वाट दिली. आतील बाईंनी हात वर करून आभार मानले आणि त्या भरकन पुढे गेल्या. पुढे दुपारी गावच्या दुकानात त्याच बाई भेटल्या. त्या परिचारिका होत्या आणि घरोघरी जाऊन वृद्ध रुग्णांस औषधपाणी करीत. माझ्या मनात आले, हा रस्ता आपल्यास शोभा म्हणून दिसतो. त्यांच्यासाठी तो दवाखान्याचा ओटा आहे. त्याच रस्त्याने टपालवाला जातो, शाळेची मुले जातात, मेंढपाळ जातो. २०१५ साली या भागातील सुमारे ५०० मैलांचा वळसा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने पर्यटकांपुढे मांडण्यात आला आणि तेव्हापासून मोटारींची रीघ वाढली. गावकऱ्यांस त्यापासून चार पैसे मिळतात हे खरे. पण बगलथांबे अडवून बसणाऱ्या पाहुण्यांपायी त्यांचा खोळंबा होतो हेही तितकेच खरे. आपण पाहुणे आहोत, आणि यजमानाच्या ओसरीतून चालत आहोत, हे ध्यानात ठेवले म्हणजे सर्व नियम आपोआप पाळले जातात.

या मुलुखात रस्ता ही फुकट मिळालेली वस्तू नाही. ॲपलक्रॉसला समुद्रकाठचा रस्ता झाला तो विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात. तोवर घाटात बर्फ पडले की गावची जमिनीवरची वाट बंद. आम्ही पुढे स्काय बेटावर गेलो आणि तेथून नावेने रासे नावाच्या लहान बेटावर. त्या बेटाच्या उत्तर टोकास आर्निश नावाची वस्ती होती. तेथपर्यंत मोटाररस्ता व्हावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, पण रस्ता झाला नाही आणि घरे एकामागून एक ओस पडली. तेव्हा कॅलम मॅक्लाउड नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने, जो टपालही वाही आणि दीपगृहावर मदतनीसही होता, रस्ता बांधण्याच्या विषयावरील एक जुने पुस्तक विकत घेतले आणि कुदळ, फावडे व एकचाकी ढकलगाडी घेऊन कामास लागला. आरंभीच्या सुरुंगकामास सरकारी खात्याचे साहाय्य झाले. पुढचे काम त्याचे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास आरंभ करून सुमारे १० वर्षांत त्याने पावणेदोन मैलांचा रस्ता सिद्ध केला. १९८२ साली सरकारने तो ताब्यात घेऊन त्यावर डांबर घातले. परंतु तोवर आर्निशमध्ये तो व त्याची पत्नी एवढेच उरले होते. १९८८ साली तो वारला. आपल्या बिहारमधील दशरथ मांझी यांनीही गावासाठी डोंगर फोडला. ते काम १९६० ते १९८२ असे २२ वर्षे चालले. दोन देश, दोन माणसे, एकमेकांचे नावही ठाऊक नाही, आणि हट्ट एकच. कॅलमच्या रस्त्यावरून जाताना जावयांनी वेग इतका कमी केला की, नातवाने विचारले, “बाबा, गाडी बिघडली का?” ते म्हणाले, “नाही रे. एका माणसाच्या हातांवरून चाललो आहोत.”

आपल्याशी असलेला एक धागाही सांगतो. हायलंड्समधील अनेक रस्त्यांचा पाया घातला तो थॉमस टेलफर्ड या इंजिनिअराने. १८०३ साली नेमलेल्या मंडळाच्या वतीने त्याने सुमारे ९०० मैल रस्ते व हजाराहून अधिक पूल बांधविले. हा टेलफर्ड दक्षिण स्कॉटलंडमधील एस्क नदीच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा मुलगा. त्याच खोऱ्यात जन्मलेला दुसरा माणूस सर जॉन माल्कम. तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि १८३० साली त्याच्याच कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. खंडाळ्याच्या घाटातून पुण्यास जाताना आपण त्याच वाटेचा वारसा चालवितो. राज्यकर्ते म्हणून त्यांचा हेतू काय होता याची चर्चा इतिहासकार करोत. डोंगरातील माणसास रस्त्याची किंमत सर्वत्र सारखीच असते, एवढे मला त्यावरून उमगले.

शेवटी चार सूचना एकत्र सांगून संपवितो. पहिली, करारपत्र व विमा घरूनच वाचून निघावे आणि मोटार घेताना फोटो काढावेत. दुसरी, दिवसाचा पल्ला लहान ठेवावा. नकाशा एक तास म्हणाला तर एकेरी रस्त्यावर दीड तास धरावा, आणि डोंगरात मोबाईलला संपर्क मिळत नाही म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा व कागदी नकाशाही जवळ ठेवावा. अडचणीच्या वेळी तेथे ९९९ हा क्रमांक लावावा. तिसरी, वाट देण्यात कमीपणा मानू नये. मागे गेलेली मोटार हरली असे कोणी म्हणत नाही. समोरचा हात वर करतो आणि दोघेही सुखरूप जातात. चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मोटारीतील प्रत्येकास आधीच द्यावा. वडीलधाऱ्यांनी तो उठल्याबसल्या वापरू नये, आणि तरुणांनी तो वापरला असता रागावू नये.

मंडळास माझी एक विनंती आहे. आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे परदेशी अशा रीतीने हिंडून आली आहेत त्यांच्या अनुभवांची एक वही कार्यालयात ठेवावी: कोठे गेले, कोणता रस्ता, कोणती अडचण आली, काय उपाय केला. नव्याने निघणाऱ्याने ती चाळावी आणि परत आल्यावर स्वतःचे पान जोडावे. वधूवरांची वही आपण इतकी वर्षे चालवीत आहोत. ही त्याहून अवघड नाही. पहिले पान लिहावयास मी तयार आहे, आणि हस्ताक्षर तरी वाचता येण्यासारखे असेल याची हमी देतो.

आपली मुले दूर गेली आहेत आणि पुढेही जातील. त्यांच्यामागून आपणही जाऊ. आपण सर्वांनी जावे, पाहावे आणि धडधाकट परत येऊन पुढच्या संमेलनात याच सभागृहात भेटावे, अशी ईश्वरचरणी प्रार्थना आहे.